फरशीवर कायम मीच

मंगळवार, ४ मार्च
दुपार

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. भावोजींना सांग, डोळ्यांत औषध घालायचा कंटाळा करायचा नाही, मी निवृत्त झाले असले तरी नर्सबाईंचा हुकूम आहे. इथे सगळं छान. चिरंजीवांना बढती मिळाली, सूनबाईंचा कामाचा व्याप वाढला, मी ठणठणीत. एवढ्यासाठी पत्र कशाला म्हणशील. फोनवर बोलताना शेजारी कुणी ना कुणी असतं, म्हणून.

तुझा दर वेळचा एकच प्रश्न, घरी परत कधी येतेस? त्याचं उत्तर देते, पण आधी आमच्या खारूचं ऐक.

खारू म्हणजे माझी नात गं. एका जागी बसत नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव. शाळेतून आली की व्हिडिओ गेम. पोर बिघडेल, डोळे जातील, सगळं बोलून झालं माझं. एकदा तर ऐन खेळात मी भिंतीवरचं बटणच बंद केलं. मला वाटलं, पुस्तक मिटल्यासारखा खेळ आहे तिथेच थांबत असेल. कसला थांबतोय! सगळा पुसला गेला. आता ही घर डोक्यावर घेणार म्हणून मी तयारीत. तर म्हणाली, जाऊ दे आजी, आता रस्ता माहीत झालाय, आणि केली पहिल्यापासून सुरुवात. मला इथे दूध उतू गेलं तरी दिवसभर चिडचिड होते.

तेव्हापासून मीही तिच्याबरोबर खेळते. हसू नकोस. दोन बाहुले भुयारातून बाहेर काढायचे असतात. एकाने एका ठरावीक फरशीवर उभं राहायचं, तेवढाच वेळ दार उघडं. दुसऱ्याने पलीकडे जायचं आणि मग मागच्याला ओढून घ्यायचं. मला उड्या जमत नाहीत, त्यामुळे फरशीवर कायम मीच. कधी कधी खारू पुढे पळते नि मला न्यायचं विसरते. मी आपली तिथेच.

असंच खेळताना एकदा तिने विचारलं, आजी, तू तुझ्या घरी का जात नाहीस? म्हटलं, आईबाबा कामावर जातात, मग तुला कोण बघणार? थोडा वेळ विचार करून म्हणाली, "म्हणजे इथेपण तूच फरशीवर." मी तिला खेळाकडे बघ म्हणून गप्प केलं. पण त्या दिवशी माझं कशातच लक्ष लागलं नाही.

ताई, मी आले तेव्हा ती पाळण्यात होती. पोर चालायला लागू दे, मग शाळेत जाऊ दे, मग जरा मोठी होऊ दे, असं करत आठ वर्षं गेली. अकराव्या मजल्यावरून खाली जायचं, बसमधून उतरवून घ्यायचं, परत वर. दाराला कुलूप नाही, कुणी वाकडं बोलत नाही, उलट उठता-बसता कौतुक. भांडायला तरी काही कारण हवं ना! जीव गुदमरतो, आणि तो कशाने गुदमरतो हे सांगायचीही सोय नाही.

सूनबाईंना दिवस गेलेत. ही बातमी पहिल्या ओळीत लिहायला हवी होती, हात धजला नाही. चिरंजीव हसून म्हणाले, घरचीच नर्स आहे, आपल्याला कसली चिंता! मीही हसले. मग न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडले. आनंदाच्या बातमीला रडणारी कसली गं मी आजी!

काल धुतलेले कपडे ठेवायला खोलीत गेले, तर खारू एकटीच बसलेली. एका गुडघ्यावर तिचा रिमोट, दुसऱ्यावर माझा. डाव्या हाताने एक बाहुला फरशीवर धरून ठेवायचा, उजव्याने दुसरा पुढे न्यायचा. सारखी चुकत होती आणि पुन्हा मागून सुरू करत होती. मी विचारलं, मला हाक का नाही मारलीस? तिने मान वर केली नाही.

"सराव करतेय. तू गेल्यावर मला एकटीलाच खेळावं लागेल ना."

एवढ्याशा पोरीने मला मोकळं करायची तयारी चालवली होती, तीही कुणाला न सांगता. मी तिला जवळ घ्यायला गेले, तर म्हणाली, थांब, मरेन मी आता.

जेवताना सांगून टाकलं, रविवारी निघते. चिरंजीव म्हणाले, बाळाचं होऊ दे, मग बघू. मी म्हटलं, बाळंतपणाला येईन आणि परत जाईन. सूनबाई नुसत्या ताटाकडे बघत राहिल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, त्यांच्या गप्प बसण्यानेच मी विरघळते. खारूने उठून त्यांना पाणी दिलं.

तर ताई, रविवारी संध्याकाळी मी पोचते. पण त्याआधी माझा फोन येईल, मी हसत हसत सांगेन की अजून थोडे दिवस थांबते, इथे फार अडचण आहे. तेव्हा माझं अजिबात ऐकू नकोस. भावोजींना पाठव मला न्यायला.

तुझी,
धाकटी