वळणावरची मोजणी

आबा, तुमी मैलकुली होता, रस्त्याचे खड्डे भरत होता, तवा दिवसाकाठी चार गाड्या जायच्या आणि त्यातल्या दोन तुमाला रामराम घालून जायच्या. आता लासुर्ण्याच्या अलीकडं आपल्या वळणावर उभं राहवत न्हाय. तुमची नातसून, माझी सून, दोन्ही वक्ताला दुधाच्या किटल्या घेऊन पलीकडं डेअरीत जाती. गेल्या साली ट्रकनं तिच्या हातातली किटली उडवली. उसात सापडली, पार चपटी. हात वाचला. गावानं अर्ज केला, हितं गाड्यांचा वेग कमी करा, तसा बोर्ड लावा. वरनं उत्तर आलं, आधी मोजणी.

दोन साहेब आले. एकाच्या हातात पिस्तुलासारखं मशीन, दुसऱ्याच्या हातात वही. दोघं डांबराच्या कडंला, मुंड्या खाली, राखणीला माणूस न्हाय. मला वाटलं, रस्ता मोजत्यात. आणि तो दिवस आठवला. मी आठ वर्साची, तुमची भाकरी घेऊन आलेली. तुमी लाल झेंडा माझ्या हातात देऊन खड्ड्यावर वाकता आणि मी बोरं वेचायला जाते. गाडी तुमच्या पाठीला घासून जाती. तुमी मारत न्हाय. एवढंच म्हणता, "वाकल्याला पाठीमागं डोळं नसत्यात. ते तुझ्याकडं दिलं होतं." मारलं असतं तर विसरले असते.

मग मी दोरीवरचा लाल टॉवेल घेतला आणि वळणाच्या पलीकडं, इंदापूरकडनं गाड्या येत्यात तितं, जाऊन उभी राहिले. तासभर हलवला. मधी ऊस, त्यामुळं साहेबांना मी दिसत नव्हते. एक डायवर म्हणाला, "म्हातारे, पुढं कोण मेलंय का?" म्हणलं, "अजून न्हाय. तू हळू जा." सगळी हळू गेली. नंतर साहेब ओट्यावर चहा प्याले. म्हणाले, "आजी, तुमच्याकडचे डायवर फार समजूतदार." मला बरं वाटलं, मी बशीत अजून चहा ओतला.

दोन महिन्यांनी ग्रामसभेत कागद वाचला. वाहने मुळातच हळू जातात, वेगमर्यादा कमी करण्याची गरज नाही. सरपंचानं समजावलं, शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत जात्यात, तो वेग बघून मर्यादा ठरवायची रीत हाय. म्हंजे जोरात गेल्या तर तोच वेग बरोबर धरायचा, हळू गेल्या तर बोर्ड कशाला म्हणायचं. कायदा डायवरनं करायचा, शिक्का साहेबानं मारायचा. शिसारी आली, आबा. एक सकाळ, एक तास, आणि तेवढ्यावर निकाल. एकानं वळणापलीकडं धा पावलं टाकून बघितलं न्हाय. रस्ता ओलांडणाऱ्या बाया किती, ते तर वहीत न्हायच. आणि आपली माणसं? साहेबाला शिव्या घालून चिवडा खात बसली.

सरपंच म्हणाला, "परत मोजणी मिळंल, पण पहिली चुकली कशी ते लेखी द्या. हाय का कुणाला ठाऊक?" तवा माझ्या ध्यानात आलं, ते मशीन रस्ता न्हाय, गाड्यांचा वेग मोजत होतं. सारं गाव हसलं असतं, म्हातारीनं टॉवेल हलवून बोर्ड घालवला. सून शेजारीच बसली होती, दुधाची वेळ झाली म्हणून उठायच्या घाईत. मी पदर तोंडावर घेतला.

त्याला तीन आठवडे झाले. ती रोज ओलांडती, दोन वेळा. हा कागद लिहायला मला दोन दुपारी लागल्या, आणि तुमाला धाडायचा तर कुठं धाडू? दुसरा कागद, सरपंचानं मागितलेला, चार ओळींचा हाय, त्याला पत्ताबी हाय. तो अजून लिहिला न्हाय.