अक्काताईंची झोप

१ डिसेंबर
आले एकदाची कागलला! वारणानगरच्या स्टँडवर आई डोळे पुसत होती आणि मला मात्र हसू आवरत नव्हतं. पहिली नोकरी, स्वतःची खोली, खिडकीबाहेर पेरूचं झाड! सोमशेखरदादा स्वतः न्यायला आले होते. ते पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. वहिनी मुलांच्या शाळेसाठी बेळगावला असतात, म्हणून दादांच्या आईंना, अक्काताईंना, सांभाळायला मी.
अक्काताई कॉटवर स्वेटर, त्यावर शाल, त्यावर घोंगडं घेऊन बसल्या होत्या. मला बघताच ओरडल्या, "पावणं, आदी दार लाव की! चळी आत याय लागलीया." चळी म्हणजे थंडी, दादांनी हसत सांगितलं. त्यांच्या घरात निम्मं बोलणं कानडी. मी दार लावलं. बाहेर चांगलं ऊन पडलं होतं.

४ डिसेंबर
अक्काताईंना कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मला वाटायचं, म्हातारपणी थंडी वाजते, झोप येते, त्यात काय. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी असलं तरी असं होतं, मन खचलं तरी होतं, म्हणून तपासायला हवं. अक्काताईंचं कारण गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी. ती मंदावली की सगळं शरीरच मंदावतं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, चहा त्यानंतर तासाभरानं. निघताना मला पुन्हा थांबवून सांगितलं की थंडीच्या दिवसांत गोळ्या चुकल्या तर अंग गार पडतं, नाडी लागेनाशी होते. हाक मारूनही उठल्या नाहीत तर काही विचार न करता थेट दवाखाना गाठायचा. मी हो म्हटलं.

१७ डिसेंबर
गोळी लागू पडली. अक्काताई दिवसभर जाग्या असतात आणि मला बसू देत नाहीत. भाकरी जाड झाली, अंगण परत झाड, पाय दाब. पोलीस भरतीचं पुस्तक उघडायला मिळत नाही. संध्याकाळी मात्र मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं. म्हणाल्या, पोरीच्या जातीनं केस असं सुकू देऊ नयेत. बोटं गार होती, पण बरं वाटलं.

२६ डिसेंबर
काल गोळी द्यायची विसरले. आजही राहिली. अक्काताई दुपारभर झोपल्या. माझे दोन धडे वाचून झाले.

५ जानेवारी
आज विसरले नाही. गोळी काढली आणि बेसिनमध्ये सोडली. पाकीट रिकामं दिसायला हवं ना. एवढ्यानं काही होत नाही. परीक्षा झाली की पुन्हा सुरू करीन.

१४ जानेवारी
संक्रांत. दादांनी माझ्यासाठी तिळगूळ आणि नवा स्वेटर आणला. म्हणाले, "रूपाली, तू हाईस म्हणून मी निवांत कामाला जातोय बघ." मला त्यांच्याकडे बघवेना. अव्वाचा, म्हणजे आईचा, चेहरा सुजल्यासारखा का दिसतोय, असं त्यांनी विचारलं. थंडीनं, असं मी सांगितलं.
ते गेल्यावर अक्काताईंनी माझा हात धरला. जीभ जड झाली आहे, शब्द एकेक येतो. "रूपे, लई झोप येतीया गं. मला उठवत जा."
उद्यापासून गोळी देईन. नक्की.

१९ जानेवारी
दिली नाही. आता दिली आणि एकदम काही झालं तर? डॉक्टरांना विचारायचं तर आधीचं सगळं सांगावं लागेल. त्यात खोकला झालाय. त्या सारख्या हाका मारत होत्या म्हणून माझ्याजवळचं खोकल्याचं औषध पाजलं. त्यानं गुंगी येते, मला ठाऊक होतं.

२१ जानेवारी
सकाळी उठल्या नाहीत. हाका मारल्या, हलवलं. अंग फरशीसारखं गार. दवाखान्याला फोन लावायला घेतला आणि हात थांबला. तिथे पहिला प्रश्न गोळ्यांचाच येणार. मी दादांना बोलावलं.
गल्लीतले डॉक्टर आले. घाईत होते. मनगट धरलं, डोळा उघडून बघितला, गेल्या, वय झालं होतं म्हणाले. दादा तिथेच खाली बसले.
बायकांनी अंघोळ घातली. त्यांच्या रिवाजाप्रमाणे बसवून पुरायचं असतं, म्हणून मान मी धरली होती. विभूती लावताना माझ्या मनगटाला वारं लागलं. नाकाजवळ. अगदी बारीक.
पंखा बंद होता.
कुणीतरी म्हणालं, त्यांचे हात मांडीवर ठेव. मी ठेवले. खड्ड्यात कोनाडा केला होता, त्यात त्यांना बसवलं. पुढून फळी लावली. मग माती.

२२ जानेवारी
भास होता. दोन स्वेटर घातलेत तरी हुडहुडी भरते. दिवसभर झोपले. डोळा लागला की मनगटाला वारं लागतं. दादांनी माझ्या अंगावर घोंगडं घातलं, दमलीस म्हणाले.
आत्ता सांगितलं तर — आत्ता अजून —
नाही. भासच.

२३ जानेवारी, सकाळ
अक्काताई गेल्याचं कळून कोल्हापूरच्या डॉक्टरांचा दादांना फोन आला. गोळ्या चालू होत्या का, असं विचारलं. पुरण्याआधी हृदयाचा ईसीजी काढून बघितला होता का? या आजारात माणूस मेल्यासारखं दिसतं, पण —
दादांनी फोन ठेवला आणि मला विचारलं. रागानं नाही. साधंच.
मी सगळं सांगितलं. बेसिन. औषध. वारं.
त्यांनी भावकीतल्या दोघांना हाक मारली, कुदळ घेतली आणि गेले.

दुपार
अजून आले नाहीत. पळून जावं असं वाटतं, पण पाय उचलत नाहीत. ऊन आहे. तरी दात वाजतात. कोनाड्यात पोकळी होती. किती वेळ पुरते हवा? काल मी झोपले होते तेव्हा —

गाडी आली.
दादा दारात उभे आहेत. कोपरापर्यंत माती. आत येत नाहीत. मी लिहिते आहे, ते बघत आहेत.
एकच विचारलं. "अव्वाचं हात तू कुठं ठेवलंवतंस?"
मांडीवर. दोन्ही. मी स्वतः ठेवले होते, सगळ्यांनी बघितलं, मांडीवरच —
ते मान हलवतायत. आपले दोन्ही हात वर उचलून मला दाखवतायत, बोटं अशी वाकवून, फळीवर जशी —