पाण्यावाचून धुणं

देगलूर, ६ मार्च १९८३

चि. किशनास आजीचा जयभीम अन् तोंडभरून आशीर्वाद.

सगळ्यात आधी आली ती शेजारची साखराबाई. तुझ्यासाठी निलंग्याहून सोयरे येणार, हे तिला कुठून कळतं कुणास ठाऊक. चटईवर मधोमध तीच बसली. मग आले पोरीचे वडील बसवंतराव अन् त्यांची बहीण पार्वतीबाई. माणसं लई साधी. पोरगी सुमन, मॅट्रिक झालेली हाय. त्यांनी एकच विचारलं, पोराची नोकरी कशी हाय. मी म्हणलं, लातूर आता जिल्हा झालं, अन् आमच्या किशननं बाटली हलवून, तेल तपासून हाव म्हणल्याबिगर तिथला कारखाना तेल विकत न्हाई. थोडं वाढवून सांगितलं, पण स्थळात एवढं चालतं.

मग वाढताना आमटीचा तवंग बसवंतरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला की! धुवायला पाणी कुठलं? हापशावर दोन घागरींना दोपार जाते. तवा मला आठवली, दिवाळीत पँटीचं ग्रीस काढायला तू आणलेली बाटली. तिथंच चुलीपाशी चिंधी भिजवून चोळली. डाग गेला, हाताला गारवा लागला, अन् बघता बघता कापड कोरडं! साखराबाईचा आ मिटेना. पार्वतीबाईंना इतकं आवडलं, की मी खोकल्याच्या औषधाची रिकामी शिशी भरून त्यांना भेट दिली. दुष्काळात पाण्यावाचून धुणं, याहून मोठा आहेर कोणता?

वेळेवर जेवत जा, अन् म्हातारीवर लोभ असू दे.
तुझी आजी, पंचफुलाबाई

लातूर, १० मार्च १९८३

ती. आजीस किशनचा सप्रेम जयभीम.

काल पत्र मिळालं, अन् ताटावरून उठून निलंग्याची एसटी धरली. बोलावणं नसताना पोरानं पोरीच्या दारात जाऊ नये, हे तूच शिकवलंस. पण ती शिशी त्या घरात होती. चुलीवरच्या कोनाड्यात, बूच सैल. खाली सुमन भाकरी थापत होती. मी कुणाशी न बोलता शिशी उचलून अंगणात नेली, मग सगळं सांगितलं.

आजी, ते हेक्झेन आहे. पेंडीत उरलेलं तेल आम्ही त्यानं ओढून काढतो. दिसतं पाण्यासारखं, पेटतं पेट्रोलसारखं. कापड वाळलं म्हणजे ते संपलं असं नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटत चुलीपर्यंत जाते अन् पेट घेऊन बाटलीकडे उलटी येते. जास्त हुंगलं तर गरगरतं. वर्षानुवर्षं हुंगलं तर हातापायांना मुंग्या येऊन ते लुळे पडतात. आमच्या गेटावर बिडी-काडी काढून घेतात, लोखंडी नाल ठोकलेली चप्पलही ठिणगीच्या भीतीनं आत चालत नाही. अन् मी तेच चोरून, एसटीत माणसांमध्ये बसून घरी आणलं. हेही बसवंतरावांना सांगितलं. स्थळ गेलं असं समज.

साहेबांपुढंही कबूल केलं. आठ दिवस घरी बसवलंय. आपली बाटली उघडू नकोस. बाहेर सावलीत, विस्तवापासून लांब ठेव. मोरीत किंवा हापशापाशी ओतू नकोस, पाणी नासेल. कारखान्याचा माणूस येऊन नेईल.

रागव हवं तर, पण माया तोडू नकोस.
तुझा किशन

देगलूर, २१ मार्च १९८३

चि. किशनास आजीचा जयभीम.

जीप आली अन् बाटली वाळूच्या पेटीत बसून गेली. तुझ्या आजोबाला जन्मात जीप मिळाली न्हाई. पण खरं सांगू, तीन दिस मी चुलीकडं नुसती बघत राहिले. रागवू तरी कुणावर? आणली तू, वाटली मी.

काल पार्वतीबाई अन् बसवंतराव परत आले. मी साखराबाईला निरोप देऊन लांबच ठेवलं, नकार ऐकायला माणसं कशाला? बसवंतराव म्हणले, तुमच्या पोरानं माझी पोर वाचवली असं म्हणू नका, त्यानंच ते आणलं होतं. मी मान खाली घातली. मग म्हणले, पण स्थळ मोडंल हे ठाऊक असून चोरी आपल्या तोंडानं सांगितली, यावरून आमच्या घरात रोज भांडण चालू हाय. सुमन म्हणते, कारखाना मला डोळ्यानं बघायचा, हा माणूस दिवसभर कशात हात घालतो ते कळल्याबिगर मी हाव बी म्हणणार न्हाई अन् न्हाई बी. बाप म्हणतो, असं कुठं असतं. आत्या म्हणते, आजपासून असतं. आत्या जिंकली! मला तर पोरगी आत्ताच आपली वाटून राहिली.

तवा साहेबांना विचारून ठेव. हाव असो की न्हाई, ते सांगायला तिघं कारखान्यावरून थेट माझ्याकडं येणार.

जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी आजी, पंचफुलाबाई

ता. क. कारखाना बघायचा दिवस लिहायचा राहिला. भीमजयंती झाली की पहिला रविवार, सतरा एप्रिल.