डिसेंबरातला नवरंग

अण्णा, दुर्बीण धरायला मला तुम्ही शिकवलंत, हे मी कधी नाकारलं नाही. मुलुंडच्या घराची मागची पायरी, रविवारची सकाळ, मी अकरा वर्षांची. मला दोन डोळ्यांना दोन वेगळी वर्तुळं दिसायची आणि मधे काळी पट्टी. माझा चेहरा लहान, म्हणून तुम्ही दोन्ही नळ्या एकमेकींजवळ दाबत गेलात. "आता?" "अजून दोनच आहेत." "आता?" आणि एकदम दोनाचं एक झालं. त्यात शेवग्याची फांदी आणि फांदीवर बुलबुल, इतका जवळ की मी हात पुढे केला. तुम्ही हसलात. मग एकेक सांगत गेलात. कोपरं बरगड्यांना टेकव. आधी पक्षी नुसत्या डोळ्यांनी धर आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आण, नाहीतर पानंच दिसतील. मधलं चाक डाव्या डोळ्यासाठी, उजव्यासाठी ही वेगळी कडी.

तुम्ही पाहून दुर्बीण माझ्याकडे दिलीत, की ती कडी मला दर वेळी परत फिरवून घ्यावी लागे. दर महिन्याला थोडी जास्तच. एके दिवशी ती टोकाला जाऊन अडकलेली मिळाली. मी विचारलं, तेव्हा तुम्ही आधी स्वयंपाकघराकडे पाहिलंत, आणि मग हळूच म्हणालात, "उजव्याने धुरकट दिसतंय गं. कुणाला बोलू नकोस." तुम्ही ड्राफ्ट्समन. ऑफिसात कळलं असतं तर तुम्हाला नकाशाच्या टेबलावरून उठवलं असतं, एवढं मला त्या वयातही समजत होतं. मी आईलासुद्धा बोलले नाही. तेव्हापासून पाहायचं मी आणि लिहायचं तुम्ही, असं सुरू झालं.

जास्वंदीपलीकडच्या तारेला अंगठ्याएवढ्या शिंजिर पक्ष्याने घरटं टांगलं, तेव्हा मी रोज शाळेआधी पायरीवर बसत होते. आई आतून ओरडते आहे, "अगं, वेणी कधी घालायची?" आणि मी तुम्हाला सांगते आहे, कोळ्याचं जाळं आणतेय, कापूस आणतेय, अण्णा, सगळं मादी एकटीच करतेय, नर नुसता बाजूला बसून गातोय. तुमची पेन्सिल वहीवर सरसर चालली आहे. तुम्ही पक्ष्यांवर लिहायचात त्या मासिकात घरट्याचा लेख आला, तेव्हा मी त्यात माझा उल्लेख शोधला. "मी पाहिले." "माझ्या ध्यानात आले." वाटलं, पुढच्या लेखात येईल. तसे चार वर्षांचे लेख झाले.

मग ठाण्याचे ते पक्षीतज्ज्ञ गृहस्थ तुमचे लेख वाचून मुद्दाम भेटायला आले. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा ते म्हणत होते, "शिंजिराच्या घरट्याचं काय लिहिलंय हो तुम्ही! काय बारीक नजर!" माझ्या तोंडून निघून गेलं, "ते घरटं मी पाहिलं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. तुम्ही हसलात. "हिला चिमणी आणि कावळा यापलीकडे काय कळतंय! बशी पुढे कर गं." तेही हसले. मी बशी पुढे केली.

संध्याकाळी तुम्ही जवळ येऊन म्हणालात, "तू पाहिलंस म्हटलं, की ते विचारणार, मग तुम्ही काय करत होता? डोळ्याचं बाहेर पडायला कितीसा वेळ लागतो?" मी मान हलवली. पण अण्णा, घरटं मुलीने पाहिलं म्हटल्याने कुणाची नोकरी जात नाही.

पुढच्याच रविवारी, डिसेंबरात, तुम्ही वही उघडून विचारलंत, "काय दिसतंय?" पेरूखालच्या पाचोळ्यात एक सातभाई होता, बाकी काही नाही. मी म्हटलं, "नवरंग."

पेन्सिल थांबली. "आत्ता? तो पावसाच्या तोंडावर येतो."

"हो, पण आहे. पोटाखाली लाल. शेपूट आखूड. पानं उलटतोय."

हे सगळं तुमच्याच कपाटातल्या पक्ष्यांच्या पुस्तकातल्या चित्रातलं. तुम्ही दुर्बीण घेतलीत, डाव्या डोळ्याला लावलीत, कितीतरी वेळ शोधत राहिलात. "कुठे गं?" "बुंध्याच्या डावीकडे. आत्ता हलला. गेला." आणि तुम्ही म्हणालात, "हो, हो. दिसला. पाठीवर हिरवा होता."

ते छापून आलं. गृहस्थांचं पत्र आलं, आपली काहीतरी गफलत झाली असावी. तुम्ही उलट टपाली कळवलंत, मी स्वतः पाहिला आहे. ते पुन्हा आपल्या घरी आले नाहीत. मासिकाने तुमचे पुढचे दोन लेख परत पाठवले. तुम्ही दुर्बीण फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलीत, आणि "काय दिसतंय" हे मला परत कधी विचारलं नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते उशिराच. मी लग्न होऊन घाटकोपरला गेले. मी खोटं बोलले होते हे तुम्हाला कळलं होतं का, की तुम्हाला खरंच काही हिरवं दिसलं होतं, ते मला आजही माहीत नाही. तुम्ही जाईपर्यंत त्या पक्ष्याचं नाव आपण दोघांनीही घेतलं नाही.

आता धाकटा भाऊ तुमच्या लेखांचं पुस्तक काढतोय. माझ्याकडे त्याने दोन पानं आठवण मागितली आहे. त्यासाठी बसले आणि हे लिहून झालं. हे काही त्याला देणार नाही. परवा फोनवर म्हणाला, "ताई, नवरंगाचा लेख सगळ्यांत छान आहे, तोच पहिला घेतो. तेव्हा तू होतीस ना गं तिथे?"

मी म्हटलं, "छे. तो अण्णांनी एकट्यानेच पाहिला."

हे बोलताना मला बरं वाटलं, अण्णा. फार बरं वाटलं.