चौघांचं टेबल

८ फेब्रुवारी, शनिवार

आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. नाही सांगितलं.

सूप आलं की सांगू म्हटलं. सूप आलं. वर पाव, पावावर वितळलेलं चीज. मी तोंड उघडलं आणि बाबा म्हणाले, "फुंकर घाल गं, जीभ भाजेल." शेहेचाळीस वर्षांच्या बाईला! मी फुंकर घातली. शब्द सुपाबरोबर पोटात गेले.

दुसरा शनिवार म्हणजे आम्ही त्या हॉटेलात. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसला दुसऱ्या शनिवारी सुट्टी असायची, तेव्हा तो आम्हा सगळ्यांना घेऊन जायचा. तो गेल्याला चार वर्षं झाली. रीत राहिली. खिडकीजवळचं चौघांचं टेबल, बाबा म्हणजे सासरे, आई म्हणजे सासूबाई, मी आणि त्याची खुर्ची. त्या खुर्चीसमोर त्याचं कस्टर्ड येतं. वर जाळलेल्या साखरेचा काचेसारखा पापुद्रा. तो चमच्याने टक्कन फोडायचा, मग आमच्याकडे बघायचा, जणू मोठा पराक्रम केलाय. आता कोणी फोडत नाही. बिल दिल्यावर ते डब्यात बांधून घरी येतं.

हॉटेल फ्रेंच म्हणे. भिंतीला चिकटवलेली खोटी बाल्कनी, तिच्यात प्लास्टिकची लाल फुलं. दारातला वेटर "बोंज्यूर" म्हणतो — म्हणावंच लागतं, नियम आहे त्यांचा. बाबा तितक्याच गंभीरपणे उलट "बोंज्यूर" म्हणतात. आई म्हणतात, "हो, हो, बरंय."

काय सांगायचं होतं ते इथे तरी लिहिते. चष्म्याच्या दुकानात मी नंबर काढते, तिथल्या मालकीणबाई दुसऱ्या शहरात दुकान उघडतायत. मी जाऊन ते सांभाळावं असं त्यांचं म्हणणं.

मला जायचंय.

लिहून झाल्यावर मागे वळून दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

कस्टर्ड फ्रीजमध्ये. साखरेचा पापुद्रा रात्रीतून आपोआप विरघळतो, सकाळी नुसतं तपकिरी पाणी. दर महिन्याला बघते. उद्या आई ते मुकाट्याने ओततील आणि वाटी घासून पालथी घालतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मालकीणबाईंनी आज काउंटरच्या पलीकडूनच विचारलं, "मग? बोललीस?"

म्हटलं, "बोलते."

"सासू छळते का?"

"नाही हो."

"सासरा?"

"छे!"

"मग अडलंय कुठे?"

काय सांगणार. वाईट असते तर एव्हाना भांडून निघाले असते. हे दोघं वाईट नाहीत हीच तर पंचाईत. तो गेला तेव्हा लोक कुजबुजत होते की ही आता माहेरी जाईल. बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ती कुठे जात नाही. तिची खोली तिची आहे." तेव्हा त्या वाक्याने मला उभं केलं. तेच वाक्य आता दाराला बाहेरून कडी घालून बसलंय. माझी खोली माझी आहे. त्याचे शर्टही अजून तिथेच आहेत, इस्त्री केलेले. आई दर पावसाळ्यानंतर काढतात, ऊन दाखवतात, पुन्हा लावतात.

दिवसभर लोकांना विचारते, "हे स्पष्ट दिसतंय की हे?" भिंग बदलायचं, पुन्हा विचारायचं. आज एक म्हातारे वैतागले. "बाई, दोन्ही सारखीच दिसतात. तुम्हीच ठरवा ना!" मी हसले. घरी येईपर्यंत हसू उतरलं होतं.

८ मार्च, शनिवार

कसं लिहू.

आज त्याचा वाढदिवस. नेमका दुसरा शनिवार. तिथलं सभासद कार्ड त्याच्या नावावर आहे, बाबांनी बदललं नाही. पॉइंट जातील म्हणाले होते. पॉइंटांचं काही नव्हतं, हे तिघांनाही माहीत.

जेवण होत आलं. मी ठरवलं होतं, ताटल्या उचलल्या की सांगायचं. ताटल्या उचलल्या. आणि एकदम दिवे मंद झाले, स्वयंपाकघराच्या दारातून चार-पाच वेटर टाळ्या वाजवत आले. पुढे तो उंच वेटर. हातात कस्टर्ड, कस्टर्डमध्ये मेणबत्ती. गाणं म्हणत थेट आमच्या टेबलाशी! कार्डावर तारीख असते. त्यांच्या मशीनवर दिसते. त्यांना कोण सांगणार.

उंच वेटर म्हणाला, "कुणाचा बर्थडे?" आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून, "यायचेत का अजून?"

मी आईंकडे बघितलं. त्या नॅपकिनची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. बाबांचं तोंड उघडं राहिलं होतं. आजूबाजूची टेबलं हसऱ्या चेहऱ्यांनी आमच्याकडे वळलेली. एक शब्द बोलला असता कोणी तर सगळ्या हॉटेलचा घास घशात अडकला असता.

बाबा म्हणाले, "हिचा."

त्या मुलांचा एक नियम आहे, वाढदिवसवाल्याला कागदाची तिरकी टोपी घालायची. माझ्या डोक्यावर घातली. मेणबत्ती पुढे केली. बाबा हळूच म्हणाले, "इच्छा माग हं." मी फुंकर मारली. टाळ्या.

"कितवा हो मॅडम?" उंच वेटरने विचारलं.

मी बोलायच्या आत बाबा म्हणाले, "एकोणपन्नास." त्याला आज पूर्ण झाली असती.

"वाटत नाही बुवा!"

आई एकदम हसल्या. खरं हसल्या, तोंडावर हात धरून. मग थांबता येईना त्यांना. खांदे हलत होते आणि आवाज येत नव्हता, आणि मग मला कळलं की हसणं केव्हाच संपलंय. बाबा त्यांना पाणी देत राहिले. "ठसका लागला," त्यांनी पलीकडच्या टेबलाला सांगितलं.

अशा टेबलावर कसं सांगायचं, मी निघाले म्हणून?

टॅक्सीत बाबा म्हणाले, "टोपी बरी दिसत होती तुला." मी ती काढलीच नव्हती. तशीच घरापर्यंत आले.

९ मार्च, रविवार

आज आरशात नीट बघितलं. दिसते एकोणपन्नासची.

१७ मार्च, सोमवार

सांगितलं!

हॉटेलात नाही, घरी. सकाळी. बाबा दाढी करत होते, अर्ध्या गालाला फेस. मी न्हाणीघराच्या दारात उभी राहिले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. दुकान, शहर, एक तारीख, मालकीणबाईंनी बघून ठेवलेली खोली. अर्धी दाढी झालेला माणूस तावातावाने काही बोलू शकत नाही हे मी आधी योजलं नव्हतं, पण तसं झालं खरं.

ते आरशातूनच म्हणाले, "पगार वाढवून देतायत ना?" म्हटलं, हो. "मग बरं आहे." आणि उरलेली दाढी केली. हनुवटीला कापलं.

आई ओट्याशी होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. दूध उतू गेलं, त्यांनी गॅससुद्धा बंद केला नाही, मीच धावले.

मी तिथेच रडणार होते, सुटले म्हणून की यांना सोडलं म्हणून कोण जाणे. तेवढ्यात बाबा हातात फोन घेऊन बाहेर आले. चेहरा उजळलेला.

"अगं, तिथेही शाखा आहे की!"

मला आधी कळेचना कसली.

"आपल्या हॉटेलची! स्टेशनच्या मागेच. हे बघ, तीच बाल्कनी, तीच फुलं. सकाळच्या गाडीने यायचं, जेवायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. दुसरा शनिवार चुकायला नको. काय गं?" हे आईंना.

आई दूध सांडलेला ओटा पुसत होत्या. "बघू," म्हणाल्या.

"बघू काय! तिला तरी तिकडे कोण आहे?"

मी म्हटलं, "या ना, बाबा." दुसरं काय म्हणतात अशा वेळी?

४ एप्रिल, शुक्रवार

नवी खोली. तिसरा मजला. एक पलंग, एक टेबल, भिंतीत कपाट. कपाटात फक्त माझे कपडे! पहिल्या रात्री दोनदा उठून बघितलं. पलंगाच्या मधोमध झोपले.

सकाळी उठून काहीच केलं नाही. चहा केला तो उभ्यानेच खिडकीत प्याले. समोरच्या गच्चीवर एक बाई गाद्या बडवत होती. किती जोरात! बघत राहिले. दुकानात उशीर झाला, पण मीच कुलूप उघडणारी, मला कोण बोलणार.

१२ एप्रिल, शनिवार

आले होते दोघं.

बाबांनी आठवडाभर आधी फोन करून खिडकीजवळचं टेबल सांगून ठेवलं होतं. चौघांचं. दारात वेगळा वेटर, "बोंज्यूर" तेच. तीच खोटी बाल्कनी. भिंतीवर तीच सायकल, तिच्या टोपलीत तोच लांब पाव. मी या इमारतीत आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवत होते आणि हात धुवायला उठले तर कुणाला न विचारता सरळ गेले, उजवीकडे वळले, दार ढकललं. बरोबर तिथेच होतं सगळं. नळसुद्धा डाव्या बाजूचा सैल!

मी नळ धरून उभी राहिले. एवढे रूळ ओलांडून आले ते पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसायला?

आई मागोमाग आल्या. आरशात बघून पदर सारखा केला. प्रवासाने डोळे ओढलेले. म्हणाल्या, "तुझी खोली लांब आहे का इथून?"

"नाही, चालत जाता येतं."

"दाखवशील?"

टेबलावर येऊन मी बाबांना विचारलं. त्यांनी घड्याळ बघितलं. "पुढच्या वेळी. अजून त्याचं यायचंय, आणि गाडी चुकेल." त्याचं म्हणजे कस्टर्ड. आलं. नव्या वेटरने ते माझ्यापुढे ठेवलं. बाबांनी उचलून रिकाम्या खुर्चीपुढे सरकवलं आणि त्या मुलाला समजावून सांगितलं, "इथे ठेवायचं असतं." मुलगा मान डोलावून गेला. आता तोही शिकला.

बाबा खुर्चीला टेकून म्हणाले, "बघ, काही म्हणून बदललं नाही." किती समाधानाने म्हणाले!

गाडी हलल्यावर आई खिडकीच्या गजांवर हात ठेवून बघत राहिल्या. बाबा हात हलवत होते. त्या नव्हत्या हलवत.

कस्टर्डचा डबा माझ्याकडे दिलाय.

२८ एप्रिल, सोमवार

माझ्या ताईचा फोन. म्हणाली, "स्पष्ट सांग की, येऊ नका म्हणून." ताईला सगळंच सोपं असतं. म्हटलं, तूच सांग. म्हणाली, "मी कोण सांगणारी?"

९ मे, शुक्रवार

उद्या दुसरा शनिवार. बाबांचा फोन अजून नाही. मीही केला नाही. फोन पालथा घालून ठेवलाय आणि दर थोड्या वेळाने उलटा करून बघतेय. आले तरी जीव गुदमरतो, न आले तर जिवाला घोर. मला नक्की हवंय तरी काय?

१० मे, शनिवार

दुपारी दार वाजलं. आई. एकट्याच. तीन जिने चढून धापा टाकत, हातात कपड्यांची पिशवी, पत्त्याचा कागद घामाने ओला झालेला.

"बाबा?"

"ते गेलेत तिकडे, आपल्या जुन्या हॉटेलात. नेहमीच्या टेबलावर. चौघांचं सांगून." पाणी प्यायल्या. "मी म्हटलं, माझं काही मागवू नका, मी येत नाही आता. ते म्हणाले, मागवतो तरी. राहू दे समोर."

मग खोलीभर नजर फिरवली. कपाट, टेबल, खिडकी.

"इथे दुसरा पलंग बसेल का गं?"

मी टेबल भिंतीला सरकवून बघितलं.

बसतो.