पहिल्या केबिनची लाकडं

१७ फेब्रुवारी, मंगळवार. घोड धरण.

रिसॉर्ट विकलं हे आबांना माहीत आहे. पहिली केबिन नवे मालक उद्या जेसीबीने पाडणार, हेही मीच त्यांना सांगितलं. तरी दुपारपासून ते गेरूचा खडा घेऊन तिच्या लाकडांवर आकडे टाकत होते.

ही लाकडं आमच्या जुन्या घराची. गाव धरणात जायच्या आधी आजोबांनी घर उतरवलं, तेव्हा प्रत्येक तुळईवर असाच गेरूने आकडा टाकला होता. पुढे आबांनी त्याच लाकडांची पाण्याकाठी ही केबिन उभी केली, मग बाकीच्या. आई होती तोवर पाहुणे तिच्या हातच्या मासळीसाठी यायचे. आमच्या रिसॉर्टचा इतिहास एवढाच.

"आबा, आता कशाला नंबर?" दादाने विचारलं.

"तुला साधा तंबू परत पिशवीत भरता येत न्हाई. नंबर नसले तर ही कशी उभी करशील?"

दादा हसला.

उभी कुठे करणार? आता राहायला जाणार त्या शिरूरच्या फ्लॅटमध्ये? लाकडंही व्यवहारात गेली, हे मात्र मी आबांना सांगितलेलं नाही. का नाही? भीतीने, की दयेने? दया म्हणणं सोयीचं आहे.

वरच्या आढ्याला त्यांचा हात पुरेना. "तू टाक," म्हणत त्यांनी गेरू माझ्या हातात दिला. मी स्टुलावर चढले आणि त्यांनी सांगितलेला आकडा ठळक, नीट काढला.