गप्प बसलं की येतात

चि. सौ. अनघास अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? तुझ्या आईचे गुडघे? बाबांचा खोकला थांबला का?

तुमच्या घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत तुला काही कळवायचं नाही, असं उदयने बजावलंय. मुलाचा शब्द मोडवत नाही, म्हणून हे लिहून उशीखाली ठेवतेय.

रविवारी मैथिलीला पक्षी बघायच्या सहलीला नेलं. पुस्तकातले हमिंगबर्ड इथे जपानात कुठले! पण शेजारच्या सातो-सान आजींनी अर्धं संत्रं फांदीला खोचलं. त्या जपानीत काय म्हणाल्या ते मैथिलीनेच मला मराठीत सांगितलं, "आवडीचं ठेवायचं, लांब गप्प बसायचं. मग येतात." आणि खरंच, आपल्याकडच्या चष्मेवाला पक्ष्यासारखे हिरवे, इवलेसे पक्षी आले की गं!

घरी आल्यावर पोरीने मला तुझ्या आवडीचा आल्याचा चहा करायला लावला. कप दारात ठेवून पडद्यामागे जाऊन बसली.

"आजी, बोलू नकोस हं. आई बुजेल."

चहावर साय धरली तरी पोर हलेना. मला तो कप उचलवेना. मीही तिच्याशेजारी गप्प बसून राहिले.

बाळा, तिला दोन ओळी तरी लिही. लवकर लिही.

तुझीच,
उदयची आई